रेसिंगच्या डायकास्ट गाड्या : ब्रँड, लाइन आणि घेताना काय बघायचं

पिट_वॉल

छंदांच्या विभागात डायकास्टबद्दल, म्हणजे साच्यात धातू ओतून केलेल्या छोट्या गाड्यांबद्दल, हल्ली एकच प्रश्न फिरून फिरून येतोय. "फेरारीची फॉर्म्युला वन गाडी घ्यायची आहे. बुरागो घेऊ, हॉट व्हील्स घेऊ की मिनिचॅम्प्स? सगळ्यांवर अधिकृत असं लिहिलंय, मग किमतीत इतका फरक का?" प्रत्येकाला वेगळं उत्तर देत बसण्यापेक्षा एक धागा असावा म्हणून हा प्रपंच. जाणकारांनी भर घालावीच.

मला जे सांगायचं आहे ते आधीच सांगतो. ब्रँड विचारू नका, लाइन, म्हणजे त्या ब्रँडची कोणती मालिका, ते विचारा, आणि त्याबरोबर साल विचारा. एकाच नावाखाली खेळणंही निघतं आणि काचेच्या कपाटात ठेवायची प्रतिकृतीही. शिवाय या धंद्यात नावं विकली जातात, साचे विकले जातात, परवाने एकाकडून दुसऱ्याकडे जातात. खोक्यावरचं नाव तेच राहतं, आतली गाडी बदललेली असते.

बुरागोचंच घ्या. मिलानजवळच्या बुरागो दि मोल्गोरा गावातली ही कंपनी. सत्तरच्या दशकात सुरू झाली आणि १:१८ मधली, म्हणजे खऱ्या गाडीच्या अठराव्या हिश्श्याएवढी, फेरारी २५० जीटीओसारखी मॉडेल्स तिने सामान्य माणसाला परवडतील अशा भावात घराघरांत पोचवली. दारं उघडायची, बॉनेट उघडायचं, स्टिअरिंग फिरवलं की पुढची चाकं वळायची. २००५ मध्ये कंपनीचं दिवाळं निघालं. मग नाव गेलं हाँगकाँगच्या मे चाँग ग्रुपकडे, म्हणजे माइस्तो ज्यांची आहे त्यांच्याकडे. आज दुकानात मिळणारी बुरागो ही त्यांची. ती वाईट आहे असं मुळीच नाही, पण बेसवर 'मेड इन इटली' असलेली जुनी बुरागो आणि आजची बुरागो या एका कंपनीच्या गाड्या नाहीत. जुन्या बाजारात कोणी 'ओरिजिनल बुरागो' म्हणून भाव सांगू लागला तर आधी गाडी उलटी करून बेस वाचा.

आता फेरारीच्या परवान्याकडे येतो, कारण निम्मा गोंधळ तिथलाच आहे. फॉर्म्युला वन चालक मिशाएल शूमाकर १९९६ मध्ये फेरारीत आला. त्या पहिल्या काही वर्षांच्या गाड्या, एफ३१०, एफ३१०बी, एफ३००, मिनिचॅम्प्सने केलेल्या सापडतात. नव्वदचं दशक संपता संपता हॉट व्हील्स ज्यांची आहे त्या मॅटेलने फेरारीचा परवाना घेतला आणि तो २०१४ पर्यंत स्वतःकडे ठेवला. त्यामुळे शूमाकरची फेरारीतली पाचही विजेतेपदं, २००० ते २००४, हॉट व्हील्सच्या खोक्यात आहेत. २००४ च्या हंगामात १८ पैकी १५ शर्यती जिंकणारी ती एफ२००४ तुम्हाला १:१८ मध्ये हवी असेल तर मिनिचॅम्प्सच्या यादीत डोकं खुपसून उपयोग नाही. आणि ज्यांना हॉट व्हील्स म्हटल्यावर किराणा दुकानातल्या हुकाला लटकणारी छोटी गाडीच आठवते, त्यांच्यासाठी: त्याच नावाने १:१८ च्या साध्या फेरारी निघाल्या आणि 'एलिट' नावाची वरची लाइनही निघाली, जिच्यात तारा, पट्टे, इंजिनाची नळकांडी सगळं बारकाईने केलेलं असतं. २०१५ पासून मोठ्या खपाच्या फेरारी बुरागोकडे आल्या, आणि महागड्या रेझिनच्या (धातूऐवजी कडक प्लास्टिकसारख्या राळेच्या) फेरारी लुकस्मार्ट, बीबीआर अशा इटालियन नावांकडे.

म्हणजे 'फेरारी कोणत्या ब्रँडची चांगली' या प्रश्नाला उत्तरच नाही. 'कोणत्या सालची फेरारी' असं विचारलंत की यादी आपोआप दोन-तीन नावांवर येते.

मिनिचॅम्प्सबद्दल थोडं. जर्मनीतल्या आखेनची ही कंपनी, १९९० मध्ये स्थापन झालेली. जुन्या खोक्यांवर 'पॉल्स मॉडेल आर्ट' असंही लिहिलेलं दिसेल, ते याच लोकांचं. १:४३ ची त्यांची फॉर्म्युला वन हातात घेतली की कळतं लोक वेडे का होतात. तेरा सेंटिमीटरची गाडी, आरसे नखाएवढेही नाहीत, टायरच्या कडेवर छापलेलं अक्षर भिंगाखाली धरलं तरी स्वच्छ वाचता येतं. खाली काळा चौथरा, त्यावर चालकाचं नाव, वर पारदर्शक झाकण. गाडी चौथऱ्याला खालून स्क्रूने बसवलेली असते. ते न सोडवता उचलायला गेलात तर आरसा हातात येतो.

त्यांचा कोडही वाचायला शिका. चालक आयर्टन सेनाच्या नावाने निघालेल्या मालिकेतल्या १९८८ च्या मॅकलरेनचा कोड ५४७ ८८४३१२ असा आहे. ८८ म्हणजे साल, ४३ म्हणजे स्केल, १२ म्हणजे गाडीचा क्रमांक. सगळ्या मालिकांत रचना हुबेहूब अशीच नसते, पण साल आणि गाडीचा क्रमांक बहुतेक वेळा कोडात सापडतोच. विकणाऱ्याने १९९१ ची म्हणून सांगितलेली गाडी १९९० ची निघते ती इथेच पकडता येते.

स्केलचं चटकन सांगतो. आजची फॉर्म्युला वन गाडी साधारण साडेपाच मीटर लांब असते. ती १:१८ मध्ये तीस सेंटिमीटर, १:४३ मध्ये तेरा आणि १:६४ मध्ये साडेआठ-नऊ होते. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्याने १:१८ सुरू करण्याआधी भिंत मोजावी.

---

मीनल_ठाणे

खूप उपयोगी धागा. माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे आणि घरात डबे भरून हॉट व्हील्स आहेत. आता त्याला फॉर्म्युला वनच्या हव्यात. दुकानात एकसारख्या दिसणाऱ्या दोन गाड्या, पण किमतीत चांगलाच फरक. दुकानदार म्हणाला, "मॅडम, ही प्रीमियम आहे." म्हणजे नक्की काय? आणि काही खोक्यांवर १४ वर्षांवरील असं का लिहिलेलं असतं?

---

पिट_वॉल

मीनलताई, दुकानदाराने बरोबर सांगितलं, फक्त अर्धवट. हॉट व्हील्सच्या मेनलाइनमध्ये, म्हणजे नेहमीच्या स्वस्त मालिकेत, वरचा भाग धातूचा, बेस बहुधा प्लास्टिकचा, चाकं पूर्ण प्लास्टिकची आणि रंगकाम मोजकं. प्रीमियममध्ये, म्हणजे कार कल्चर, बुलेव्हार्ड, टीम ट्रान्स्पोर्ट या मालिकांमध्ये, बेसही धातूचा, टायर रबराचे आणि छपाई पुढे-मागेही केलेली. हातात घेतल्यावर वजनच सांगतं.

फॉर्म्युला वनचं म्हणाल तर मधली बरीच वर्षं मेनलाइनमध्ये खऱ्या संघांची गाडी नव्हती, 'विनिंग फॉर्म्युला'सारखी काल्पनिक मॉडेल्स होती. मॅटेलने २०२४ मध्ये फॉर्म्युला वनशी करार जाहीर केला आणि २०२५ पासून खऱ्या संघांच्या रंगांतल्या १:६४ गाड्या यायला लागल्या. लेकाला जमिनीवर पळवायच्या असतील तर साध्याच घ्या. रबराचे टायर असलेल्या गाड्या हॉट व्हील्सच्या ट्रॅकवर तितक्या पळत नाहीत, त्या ठेवायच्या गाड्या आहेत.

१४ वर्षांचं कारण सरकारी आहे. २०२१ च्या सुरुवातीपासून आपल्याकडे १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं. संग्रहासाठीची मॉडेल्स मुलांचं खेळणं म्हणून विकलीच जात नाहीत, त्यामुळे तसं छापतात. आणि खरंच, त्यांचे अँटेना आणि आरसे लहान मुलाच्या हातात द्यायचे नाहीत.

---

वाईकर

पिट_वॉल, लेख आवडला पण 'ब्रँड विचारू नका' हे मला पटत नाही. सीएमसीचं काय? जर्मनीची कंपनी, १:१८ मध्ये युद्धापूर्वीच्या ऑटो युनियन, मर्सिडीज, अल्फा रोमिओ करते. शेकडो सुटे भाग हाताने जोडलेले, तारांच्या चाकात एकेक तार वेगळी. तिथे खोक्यावर नाव वाचलं की काम संपलं, लाइन कसली शोधायची? ॲमलगमचंही तेच. ब्रिस्टलचे लोक, १:८ च्या फॉर्म्युला वन गाड्या, आणि किंमत अशी की त्यात इथे खरी गाडी येईल. नाव हीच हमी आहे.

---

पिट_वॉल

वाईकर, मान्य. जी घरं एकाच दर्जाचं काम करतात तिथे नाव पुरतं. पण नवा माणूस सीएमसीपासून सुरुवात करत नाही. तो सुरुवात करतो त्या नावांपासून जी शंभर रुपयांपासून वीस हजारांपर्यंत पसरलेली आहेत. टीएसएम ही कंपनी बघा: १:६४ ची मिनी जीटी त्यांचीच, १:१८ ची टॉपस्पीड त्यांचीच, १:४३ ची टीएसएम मॉडेलही त्यांचीच. मिनी जीटी धातूची, टॉपस्पीड रेझिनची. टार्मॅक वर्क्सही तसंच, हॉबी६४ आणि ग्लोबल६४ या एकाच दुकानाच्या दोन वेगळ्या पायऱ्या. तिथे 'टार्मॅकची आहे' एवढ्यावर पैसे मोजू नयेत.

---

रेझिनप्रेमी

रेझिनचा विषय निघालाच आहे तर लिहितो, कारण 'डायकास्ट' या नावाखाली आपण जे गोळा करतो त्यातलं बरंच डायकास्ट नसतंच, आणि का नसतं हे समजलं की किमतींचं कोडं सुटतं.

डायकास्ट म्हणजे झॅमॅक, जस्ताचा मिश्रधातू. त्यात चार टक्क्यांच्या आसपास ॲल्युमिनियम, थोडं तांबं, नावाला मॅग्नेशियम. तो वितळवून पोलादी साच्यात दाबाने घालतात. साचा बनवायलाच प्रचंड खर्च, पण एकदा बनला की हजारो गाड्या निघतात. म्हणून धातूत तीच गाडी येते जी हजारोंनी खपेल: विजेत्याची, फेरारीची, रेड बुलची.

रेझिनला सिलिकॉनचा मऊ साचा लागतो. तो स्वस्त, पण थोडे नग काढले की खराब होतो, मग नवा करायचा. त्यामुळे तीनशे-पाचशे गाड्यांची छोटी आवृत्ती परवडते. शर्यतीत शेवटच्या रांगेतून सुटलेल्या, तिसऱ्या तासाला इंजिन बंद पडलेल्या गाडीचं मॉडेल निघतं ते केवळ रेझिनमुळे. रेझिन मॉडेल्स करणाऱ्या स्पार्क कंपनीने नेमकं हेच केलं. फ्रान्समधल्या २४ तासांच्या ल मान शर्यतीच्या रांगेतली गाडी न् गाडी १:४३ मध्ये आणायची, विजेती असो वा नसो. विजेत्याला त्यांनी वेगळा कोड ठेवला. ४३एलएम१८ म्हणजे १:४३, ल मान, २०१८. ती अलोन्सो, ब्युएमी आणि नाकाजिमाची टोयोटा.

पण इथेही पिट_वॉल म्हणतात तसा परवाना आडवा येतो. २०२३ मध्ये फेरारी ४९९पी ने ल मान जिंकली, १९६५ नंतर पहिल्यांदा. स्पार्कची रांग मांडणाऱ्याला ती लुकस्मार्टकडून आणावी लागते. शेल्फवर शेजारी शेजारी ठेवल्या की बेसचा आकार आणि पाटीची धाटणी वेगळी दिसते, आणि त्याला इलाज नाही.

रेझिनची गाडी हलकी लागते, दारं उघडत नाहीत. पण कडा बघा. मागच्या विंगचं पातं धातूत जाड येतं, कारण ओतलेला रस पातळ फटीत नीट जात नाही. रेझिनवाले तिथे कोरलेला धातूचा पत्रा लावतात, कागदासारखा पातळ. मला उघडणारं बॉनेट नको, बरोबर आकार हवा. ज्यांना वजन हवं त्यांनी धातू घ्यावा. ऑटोआर्टने तर मधला मार्ग काढला: बॉडी कॉम्पोझिटची (प्लास्टिकच्या मिश्रणाची), आतला सांगाडा धातूचा, दारं उघडतात आणि फटीही बारीक. जुने लोक त्यावर नाराज आहेत, मी नाही.

---

निशिगंधा_नाशिक

वाचनखूण साठवली. नॅसकारबद्दल, म्हणजे अमेरिकेतल्या स्टॉक कार शर्यतींच्या गाड्यांबद्दल, कोणी लिहील का? भाऊ अमेरिकेतून येताना एक १:२४ घेऊन आला, खोक्यावर 'एलिट' आहे. हीपण हॉट व्हील्सचीच एलिट का?

---

शार्लटकर

निशिगंधा, नाही, हॉट व्हील्सच्या एलिटशी हिचा संबंध नाही. मी नॉर्थ कॅरोलिनात शार्लटला राहतो, बहुतेक नॅसकार संघांच्या कार्यशाळा याच परिसरात आहेत, आणि इथे ऑफिसातल्या टेबलावर गणपतीच्या शेजारी १:२४ ची स्टॉक कार दिसते. तेव्हा जरा सविस्तर लिहितो.

युरोपात १:४३ चं राज्य, इथे १:२४ चं. गंमत म्हणून स्वस्तात १:६४. सुरुवात झाली ती रेसिंग चॅम्पियन्सच्या छोट्या गाड्यांनी, १९८९ च्या सुमाराला. मग १९९२ मध्ये ॲक्शन परफॉर्मन्स आली आणि तिने हा सगळा बाजार उभा केला. १९९५ मध्ये शार्लटच्या ऑल-स्टार शर्यतीत नावाजलेला चालक डेल अर्नहार्ट आपली नेहमीची काळी गाडी सोडून चंदेरी गाडीत उतरला. एका शर्यतीपुरता रंग! त्या चंदेरी गाडीच्या मॉडेलवर लोक तुटून पडले. तेव्हापासून खास एका शर्यतीचा रंग आणि त्याचं मॉडेल ही जोडी पक्की झाली. प्रायोजकालाही तेच हवं होतं. गाडी तासभर टीव्हीवर दिसते, मॉडेल वर्षानुवर्षं टेबलावर राहतं.

आता नावांचा गुंता. ॲक्शनच्या मुख्य लाइनचं नाव ॲक्शन रेसिंग कलेक्टेबल्स, सगळे एआरसी म्हणतात. २००५ मध्ये ट्रॅकच्या मालक असलेल्या दोन कंपन्यांनी मिळून ॲक्शन विकत घेतली, तिचं झालं मोटरस्पोर्ट्स ऑथेंटिक्स. त्यानंतर काही वर्षांनी परवाना गेला लायनेलकडे. हो, खेळण्यातल्या आगगाड्यांची ती जुनी लायनेलच. पण एआरसी हे नाव तिने ठेवलं. म्हणजे १९९८ च्या आणि आजच्या दोन्ही खोक्यांवर एआरसी दिसेल, मात्र बनवणारे वेगळे.

आजची लायनेलची उतरंड साधारण अशी. सगळ्यात खाली ऑथेंटिक्स, ती मोठ्या दुकानांत हुकाला लटकते. मध्ये एआरसी, सर्वाधिक खपणारी. सर्वात वर एलिट, तुमच्या भावाने आणलेली. हिच्यात उघडण्यासारखं सगळं उघडतं, इंजिनाला वायरिंग असतं, चालकाच्या सीटला खरोखरचे पट्टे असतात. जाहिरातीत एचओ लिहिलं असेल तर फक्त बॉनेट उघडतं, एचओटीओ असेल तर बॉनेट आणि डिकी दोन्ही. ही दोन लघुरूपं पाठच करा, कारण फोटोत गाडी बंद असते आणि फरक कळत नाही.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे खोक्यावर 'रेस्ड व्हर्जन' किंवा 'रेस विन' आहे का ते बघा. साध्या मॉडेलमध्ये गाडी शर्यतीआधीसारखी चकचकीत असते. रेस्ड व्हर्जनमध्ये शर्यत संपल्यावर जशी होती तशी. उजव्या कडेला भिंत घासल्याचे ओरखडे, पुढच्या जाळीत रबराची काळी घाण, विजयाच्या वेळी उडवलेल्या कागदाच्या रंगीत चकत्या बॉनेटवर चिकटलेल्या. हे सगळं छापून आणि रंगवून केलेलं असतं, आणि त्या दिवशीच्या फोटोंशी पडताळून. २०२२ मध्ये मार्टिन्सव्हिलला रॉस चॅस्टेनने शेवटच्या वळणावर गाडी भिंतीला टेकवून पूर्ण वेगात पळवली आणि पाच गाड्यांना मागे टाकून अंतिम चारांत जागा मिळवली. त्या गाडीचं मॉडेल घ्यायचं तर भिंत घासलेलंच घ्यायला हवं, स्वच्छ मॉडेलात ती गोष्टच नाही.

चेसिसवर किंवा खोक्यावर किती नग काढले तो आकडा असतो. लायनेल आधी ऑर्डर घेते आणि त्यावरून किती काढायच्या ते ठरवते. म्हणजे कमी आकडा हा कंपनीने ठरवलेला दुर्मीळपणा नसतो, त्या चालकाला तेवढीच मागणी होती एवढाच त्याचा अर्थ. नव्वदच्या दशकातल्या गाड्यांचे आकडे तर इतके मोठे आहेत की आज इथल्या गराज सेलमध्ये त्या खोक्यासकट पडून असतात. कोणी नातेवाईक गुंतवणूक म्हणून तसल्या गाड्या गळ्यात मारत असेल तर नम्रपणे नको म्हणा. आवडता चालक असेल तर आनंदाने घ्या, स्वस्त मिळतील.

---

निशिगंधा_नाशिक

बापरे, केवढी माहिती! आत्ताच उघडून बघितलं. डिकी उघडते, आत इंधनाची टाकीपण आहे. खोक्यावर रेस विनही आहे. म्हणजे दारावरचे ओरखडे मुद्दाम केलेले! आम्ही विमानात खराब झाली समजून हळहळत होतो. धन्यवाद, शार्लटकर.

---

जुनाट_डबा

साचे फिरतात यावरून आपल्या देशातली दोन उदाहरणं. इंग्लंडच्या डिंकी या खेळण्यातल्या गाड्यांच्या जुन्या ब्रँडचे काही साचे साठच्या दशकाच्या शेवटी कलकत्त्याला आले आणि गाड्या 'निकी टॉइज' नावाने विकल्या गेल्या. जॅग्वार ई-टाइप त्यांच्यात आहे. बेसवर डिंकीच्या जागी निकी. रंग जाड, फिनिशिंग ओबडधोबड, आणि तरीही आज परदेशातले डिंकीवाले त्या शोधत असतात, कारण थोड्याच काळापुरत्या निघाल्या.

दुसरं म्हणजे लिओ मॅटेल. ऐंशीचं दशक संपताना आणि नव्वदच्या दशकात ज्यांचं बालपण गेलं त्यांना लिओचं नाव आठवेल. भारतात बनलेल्या त्या हॉट व्हील्सचे रंग बाहेरच्या आवृत्त्यांपेक्षा वेगळे. माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत असतील तर भंगारात देऊ नका. बेसवर 'इंडिया' आहे का तेवढं पाहा.

---

गोंयकार

सुंदर धागा, देव बरें करूं. मी म्हापशाहून. आमच्याकडे पावसाळ्यात चपलांनाही बुरशी येते, मग गाड्यांचं काय होत असेल बघा. दोन गोष्टी नव्या लोकांसाठी.

पहिली झिंक पेस्ट (pest, म्हणजे कीड), जस्ताचा आजार. मिश्रधातूत शिशासारखी अशुद्धी राहिली तर धातू आतून, कणांच्या सांध्यांतून कुजत जातो. आधी रंगावर फोड, मग केसासारखी चीर, मग हात लावताच तुकडा. दमट हवेत लवकर होतं. युद्धापूर्वीच्या डिंकींमध्ये सर्रास दिसतं, पण अलीकडच्या महागड्या मॉडेल्समध्येही झालेलं आहे. याला औषध नाही. वापरलेली गाडी घेताना उजेडात तिरकी धरून दाराची फट सरळ आहे का ते बघा. धातू फुगला की दार अडकतं.

दुसरी रबराच्या टायरची. टायरमधलं तेल झिरपतं आणि चौथऱ्याचं प्लास्टिक खातं. वर्षभराने उचलली की चौथऱ्यावर टायरचा ठसा वितळलेला. मी चाकांखाली पारदर्शक फिल्मचा लहान चौकोन ठेवतो. कपाटात सिलिका जेलच्या पुड्या, आणि त्या मधून मधून तापवून कोरड्या करायच्या. उन्हात तर कधीच नाही, डिकल (गाडीवर चिकटवलेली छापील चित्रं-अक्षरं) पिवळे पडतात.

---

तळेगाव_६४

एक सावधगिरी. हॉट व्हील्सच्या सुपर ट्रेझर हंटच्या, म्हणजे नेहमीच्या गाड्यांत मिसळून येणाऱ्या दुर्मीळ गाड्यांच्या, नावावर आपल्याकडे खूप फसवणूक चालते. ट्रेझर हंट १९९५ पासून आहेत. आजच्या साध्या हंटच्या गाडीवरच गोलातल्या ज्वाळेचं चिन्ह असतं. सुपरमध्ये चकाकणारा स्पेक्ट्राफ्लेम रंग, रबराचे टायर, आणि कार्डावर गाडीच्या मागे सोनेरी ज्वाळा. मला एका ऑनलाइन विक्रेत्याकडून आलेल्या गाडीला टायर रबराचे होते पण रंग मेनलाइनचाच. कोणीतरी चाकं बदलून ब्लिस्टर (कार्डावरचं पारदर्शक प्लास्टिक) पुन्हा चिकटवला होता. प्लास्टिकच्या कडेला डिंकाची रेघ नखाला लागते. तीन खुणा एकत्र असल्याशिवाय जास्तीचा एक रुपयाही देऊ नका.

---

वाईकर

बाहेरून मागवणाऱ्यांसाठी पण लिहा कोणीतरी. खेळण्यांवरची मूळ आयात ड्युटी २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झाली आणि २०२३ मध्ये ७०. स्केल मॉडेलही त्याच शीर्षकाखाली येतं. त्यावर कर आणि कुरिअरचा आकार वेगळा. जर्मनीतल्या दुकानाचा भाव बघून इथला विक्रेता लुटतोय असं वाटतं, पण एकदा हिशोब मांडून बघा. मी तरी आता इथल्या माणसाकडूनच घेतो.

---

सातारी_मिरची

सगळं वाचलं. माझा प्रश्न सरळ आहे. नारायण कार्तिकेयनची जॉर्डन हवी आहे, २००५ ची. भारताचा पहिला फॉर्म्युला वन चालक, बाकी काही नको, कपाटात ती एकच ठेवणार. एका माणसाकडे १:४३ ची आहे म्हणतो, खोक्याशिवाय. घेऊ का? आणि काय बघू?

---

पिट_वॉल

घ्या, पण बघून घ्या. त्याच वर्षी इंडियानापोलिसला मिशेलिन टायरवाले संघ माघारी फिरले, सहाच गाड्या धावल्या आणि कार्तिकेयन चौथा आला. आपल्या माणसाने फॉर्म्युला वनमध्ये मिळवलेले पहिले गुण त्या जॉर्डन ईजे१५ मधले आहेत. प्रत्येक भारतीय संग्राहकाला ती हवी असते, त्यामुळे भाव चढाच राहणार.

ती मिनिचॅम्प्सची आहे. आधी गाडीचा क्रमांक बघा, कार्तिकेयनचा १९ आणि त्याचा संघातला जोडीदार मोंतेइरोचा १८. दोन्ही गाड्या सारख्याच पिवळ्या, क्रमांक आणि हेल्मेट सोडलं तर दुरून फरक कळत नाही, आणि मोंतेइरोची तुलनेने स्वस्त मिळते. मग चौथऱ्यावरची पाटी वाचा. चौथरा दुसऱ्या गाडीचा असू शकतो, म्हणून पाटी, क्रमांक आणि हेल्मेटचा रंग तिन्ही जुळायला हवेत.

दोन्ही आरसे आणि नाकावरच्या विंगची टोकं तपासा. तुटून पुन्हा चिकटवलेली असतील तर सांध्यापाशी डिंकाचा पांढुरका डाग दिसतो. सिगारेटच्या जाहिराती गाडीवर आहेत का तेही विचारा. तंबाखूच्या जाहिरातींवरच्या बंधनांमुळे त्या काळातल्या बऱ्याच मॉडेल्सवर कंपनी त्या जागा मोकळ्या सोडायची, आणि शौकीन लोक बाजारात मिळणारे डिकल आणून स्वतः लावायचे. लावलेले असतील तर गाडी खोटी ठरत नाही. काहींना तशीच आवडते, कारण ट्रॅकवर ती तशी दिसायची. पण विक्रेत्याने ते सांगायला हवं, आणि डिकल वाकडे किंवा कडेने सुटलेले असतील तर भाव कमी करून मागा.

खोका नसल्याने किंमत पडते, आणि तुम्ही एकच गाडी कायमची ठेवणार असाल तर त्यात तुमचा फायदाच आहे. पारदर्शक झाकण मात्र हवंच, नाहीतर धूळ विंगच्या फटीत बसते आणि पुसताना विंग जाते. त्याच्याकडून चार फोटो मागवा: समोरून, दोन्ही बाजूंनी आणि स्क्रूसकट चौथऱ्याच्या खालून. इथे टाका, मी आणि रेझिनप्रेमी बघून सांगतो.